गाण्याला न मिळालेले ३०४ बाइट

कोऱ्या सीडीच्या वेष्टनावर पूर्वी दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असत: ६५० एमबी आणि ७४ मिनिटं. पुढे ७०० एमबी आणि ८० मिनिटं आली. हे आकडे जोडीने इतके वर्षानुवर्षं दिसायचे की ते एकमेकांशी जुळत नाहीत हे कुणाच्या लक्षातच येत नसे. जरा हिशोब करून बघू. सीडीवरच्या संगीतात सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असतात, डावा आणि उजवा असे दोन चॅनेल, आणि दर सॅम्पलला दोन बाइट. ७४ मिनिटांचे झाले साधारण ७८ कोटी ३२ लाख बाइट. त्याच चकतीवर फोटो किंवा फाइली भरल्या तर मावतात ६८ कोटी २० लाख. चकती तीच, खड्डे तेवढेच, लेझर तोच. मग दहा कोटी बाइट गेले कुठे?

सीडी सेकंदाच्या ७५ भागांत वाचली जाते. अशा एका भागाला, म्हणजे सेक्टरला, २,३५२ बाइट मिळतात. संगीताच्या सीडीत हे सगळेच्या सगळे गाण्याला दिलेले असतात. डेटाच्या सीडीत फाइलीला मिळतात २,०४८. उरलेल्या ३०४ बाइटांत १२ बाइट 'इथून सेक्टर सुरू होतो' हे सांगायला, ४ बाइट त्या सेक्टरचा पत्ता वगैरे लिहायला, ४ बाइट वाचलेलं बरोबर आहे का हे तपासायला, ८ रिकामे, आणि २७६ बाइट चूक सापडलीच तर ती दुरुस्त करायला. म्हणजे फाइलीला पत्ता आहे, पावती आहे आणि विमा आहे. गाण्याला यातलं काहीच नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सीडी शेवटची कधी हातात घेतली असेल हे आठवावं लागेल, आणि फोनमधल्या ॲपवर 'लॉसलेस' अशी छोटी पट्टी दिसते तेव्हा विषय संपलेला असतो. पण जे संगीत त्या ॲपवर नाही, जे कुणाच्या तरी कपाटात चकतीवरच पडून आहे, त्याचं काय होणार हे या ३०४ बाइटांवर ठरतं. म्हणून ही गोष्ट.

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८०मध्ये संगीताच्या सीडीचं मानक ठरवलं. त्याच्या मुखपृष्ठाच्या रंगावरून त्याला 'रेड बुक' म्हणतात. ४४,१०० हा विचित्र आकडा आला व्हिडिओ टेपमधून. त्या काळी एवढा डिजिटल आवाज साठवेल अशी हार्ड डिस्क स्टुडिओत नव्हती, म्हणून आवाजाचे बिट काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांसारखे व्हिडिओ टेपवर नोंदवत. चित्राच्या एका ओळीत तीन सॅम्पल, वापरता येण्यासारख्या २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. गुणाकार करून बघा. युरोपातल्या टीव्हीच्या हिशोबाने ३ गुणिले २९४ गुणिले ५०, उत्तर तेच. आजही आपल्या फोनमधली गाणी एका मेलेल्या टेपच्या ओळी मोजत असतात.

रेड बुक लिहिणारे निष्काळजी नव्हते. संगीतालाही चूक-दुरुस्तीचा एक थर आहेच आणि तो अतिशय हुशारीने रचलेला आहे. बारीक ओरखडे तो बिनचूक भरून काढतो. त्याच्या आवाक्याबाहेरचा ओरखडा आला तर प्लेअर मागचं आणि पुढचं सॅम्पल बघून मधला आकडा अंदाजाने ठोकून देतो. फारच वाईट अवस्था असेल तर क्षणभर आवाज बंद. कान फसतो, गाणं चालू राहतं. १९८०मध्ये सीडी प्लेअरचं काम एवढंच होतं. वाजवलेलं तिथेच हवेत विरणार होतं, त्याची नक्कल करायला कुणी बसणार आहे हे त्यात धरलेलंच नव्हतं. डेटाच्या सीडीचं मानक, 'यलो बुक', १९८३मध्ये आलं तेव्हा मात्र अंदाज चालणार नव्हता. प्रोग्राममधला एक बिट चुकला तर प्रोग्राम पडतो. म्हणून ते ३०४ बाइट.

नव्वदच्या दशकात घरच्या पीसीमध्ये सीडी ड्राइव्ह आला आणि संगीताची सीडी थेट फाइलीत उतरवायची, म्हणजे रिप करायची, हौस सुरू झाली. तेव्हा दोन्ही उणिवा उघड्या पडल्या.

पहिली पत्त्याची. संगीताच्या सेक्टरमध्ये स्वतःचा पत्ता नसतो. वेळेची नोंद बाजूच्या एका उपचॅनेलमध्ये असते आणि ती गाण्याशी सैलपणे बांधलेली असते. ड्राइव्हला सांगितलं की अमुक सेक्टर दे, तर तो 'साधारण तिथूनच' वाचायला लागतो. तुकड्या-तुकड्यांत वाचताना मधे थांबून परत सुरुवात केली की सांध्यावर काही सॅम्पल दोनदा येत किंवा गळत. कानाला ते 'टिक' असं ऐकू येई. दुसरी उणीव दुरुस्तीची: ओरखड्यावर ड्राइव्हने अंदाज केला तरी तो सांगत नसे. फाइल तयार होई, आकार बरोबर असे, आणि आत काय आहे हे देवाला ठाऊक.

यावर तोडगा कंपन्यांकडून आला नाही. लिनक्सवर क्रिस्टोफर माँटगोमेरीने 'सीडीपॅरानोया' लिहिलं. नावातच स्वभाव आहे: ड्राइव्ह खोटं बोलतोय असं धरून चालायचं, प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यावर थोडा चढवून वाचायचा आणि दोन्ही ओळीला ओळ लावून जुळवायचे. विंडोजवर १९९८च्या सुमारास जर्मनीतल्या डॉर्टमुंड विद्यापीठातल्या आंद्रे वीथॉफ या विद्यार्थ्याने 'एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी' आणलं, ज्याला सगळे ईएसी म्हणतात. ते प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचतं. दोन्ही वाचनं जुळली तर पुढे, नाहीतर परत परत, अगदी वाईट जागी ८२ वेळांपर्यंत. तरीही पटलं नाही तर ती जागा मिनिट-सेकंदासह अहवालात लिहून ठेवतं. मला विचाराल तर ईएसीचा खरा शोध हा अहवालच. त्याआधी रिपिंगचे बरेच प्रोग्राम 'झालं' एवढंच म्हणत. याने 'इथे मला खात्री नाही' असं म्हटलं. किंमत काय? आवडलं तर एक पोस्टकार्ड पाठवा.

पण एक घोळ उरलाच. प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह ठरावीक सॅम्पलांनी पुढून किंवा मागून वाचायला लागतो. यालाच ऑफसेट म्हणतात. आपल्याकडच्या डेस्कटॉपांत सर्रास दिसणाऱ्या एलजीच्या बऱ्याच ड्राइव्हची दुरुस्ती +६६७ सॅम्पलांची, म्हणजे सेकंदाचा पंधरा हजारांश भाग. कानाला शून्य फरक. पण दोन माणसांनी दोन ड्राइव्हवर एकच सीडी रिप केली तर फाइली बिटला बिट जुळणार नाहीत, मग आपली बरोबर की त्याची, हे कळणार कसं? म्हणून वीथॉफने एक शून्यबिंदू ठरवला आणि लोकांनी आपापले ड्राइव्ह त्याच्याशी लावून घेतले. पुढे काही वर्षांनी लक्षात आलं की तो शून्यबिंदूच ३० सॅम्पलांनी सरकलेला आहे. गावाने स्टेशनच्या घड्याळावर आपापली घड्याळं लावावीत आणि मग कळावं की स्टेशनचंच घड्याळ मागे आहे, तसं. कुणी दुरुस्त केलं नाही. तोवर लाखो नोंदी त्या घड्याळाने झाल्या होत्या, आणि सगळ्यांचं सारखं असणं हे बरोबर असण्यापेक्षा जास्त कामाचं होतं.

त्या नोंदी म्हणजे 'ॲक्युरेटरिप'. डीबीपॉवरॲम्प हा प्रोग्राम बनवणाऱ्यांनी सुरू केलेली ही कल्पना इतकी साधी आहे की इंजिनिअर म्हणून मला तिचा हेवा वाटतो. तुम्ही रिप केलेल्या प्रत्येक ट्रॅकचा एक छोटा चेकसम, म्हणजे बेरजेसारखा आकडा, सर्व्हरवर जातो. जगात दुसऱ्या कुणी दुसऱ्या ड्राइव्हवर तीच सीडी रिप करून तोच आकडा काढला असेल तर दोघांचंही बरोबर. वेगवेगळ्या ओरखड्यांच्या वेगवेगळ्या चकत्यांवरून एकच चुकीचं उत्तर येण्याची शक्यता जवळजवळ नाही. अनोळखी माणसं एकमेकांना न भेटता एकमेकांची साक्ष काढतात. 'क्यूटूल्स'चा डेटाबेस तर याच्याही पुढे गेला. तिथे थोडा दुरुस्तीचा मालही साठवलेला असतो, त्याने किरकोळ बिघडलेली रिप नीटही करता येते. रेड बुकने न दिलेले ३०४ बाइट लोकांनी सर्व्हरवर गोळा केले, असं म्हणा हवं तर.

रेकॉर्ड कंपन्यांनाही ही उणीव माहीत होती, पण त्यांनी ती उलटी वापरली. २००१मध्ये ॲपल 'रिप. मिक्स. बर्न.' अशी जाहिरात करत होतं आणि त्याच सुमारास 'कॉपी-प्रोटेक्टेड' सीडी बाजारात येऊ लागल्या. त्यांतल्या काहींत मुद्दाम चुका पेरलेल्या असत. घरचा प्लेअर अंदाज करून पुढे जाई, कॉम्प्युटरवर मात्र टिकटिक. काहींत शेवटच्या ट्रॅकपलीकडे फसवा डेटा ठेवलेला. २००२मध्ये बातम्या झळकल्या की चकतीच्या कडेवर काळं मार्कर पेन फिरवलं की हे संरक्षण संपतं. फिलिप्सनेच सांगितलं की असल्या चकत्यांवर आमचं कॉम्पॅक्ट डिस्कचं चिन्ह लावू नका. २००५मध्ये सोनी बीएमजीच्या सीडी विंडोजमध्ये गुपचूप रूटकिट बसवतात हे मार्क रुसिनोविचने उघडकीला आणलं, आणि तो प्रकार तिथे ओसरला.

आता फॉरमॅट. रिप केलेली फाइल जशीच्या तशी ठेवली तर चकतीला पाउण जीबी. लॉसलेस म्हणजे एकही बिट न गमावता ती घडी घालून ठेवणं. तंत्र जुनंच आहे: आधीच्या सॅम्पलांवरून पुढच्याचा अंदाज करायचा आणि अंदाज किती चुकला तेवढंच लिहायचं. चूक सहसा लहान असते, लहान आकड्याला कमी बिट लागतात. ते आटोपशीर लिहायची रीत रॉबर्ट राईसने सत्तरच्या दशकात नासाच्या जेपीएलमध्ये अंतराळयानांच्या डेटासाठी काढलेली. केंब्रिजच्या टोनी रॉबिन्सनने नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात हे सगळं जोडून 'शॉर्टन' केलं, आणि अमेरिकेत ग्रेटफुल डेड, फिश अशा बँडच्या मैफलींच्या टेपा बदलणाऱ्या हौशी मंडळींनी ते डोक्यावर घेतलं. पण त्याच्या परवान्यात व्यावसायिक वापराची आडकाठी होती. २०००च्या आसपास मॅथ्यू ॲशलंडचं 'मंकीज ऑडिओ' आलं. त्याच्या फाइली आणखी लहान होत, पण उलगडायलाही घडी घालण्याइतकीच मेहनत लागे, आणि खिशातल्या प्लेअरच्या चिपला ते झेपत नसे.

जॉश कोलसनचं 'फ्लॅक' २००१च्या जुलैत १.० झालं. आकारात ते मंकीला हरतं. पण घडी घालायला कितीही वेळ घ्या, उलगडायला ते कायम हलकं. (पातळी ० ते ८ यांवरून वाद घालणाऱ्यांसाठी: आठही लॉसलेस, शून्यही लॉसलेस, फरक वेळेचा आणि थोड्या जागेचा.) प्रत्येक तुकड्याला स्वतःचा चेकसम, त्यामुळे फाइल मधे बिघडली तरी बाकीचं गाणं वाचतं. आणि फाइलीच्या डोक्यावर मूळ आवाजाचा एमडी५ ठसा कोरलेला. दहा वर्षांनी एक आज्ञा द्या, फाइल स्वतः उलगडून स्वतःचा ठसा जुळवते आणि सांगते मी तीच आहे की नाही. वर म्हटलेली पावती ती हीच. शिवाय सगळं खुलं. २००३पासून ते झिफ या संस्थेच्या छत्राखाली आहे. ही संस्था त्याच सीडीपॅरानोयावाल्या माँटगोमेरीने काढलेली. ॲपलने २००४मध्ये स्वतःचं वेगळं 'एएलएसी' काढलं, २०११मध्ये ते खुलं केलं आणि २०१७मध्ये आयफोनवर निमूटपणे फ्लॅक वाजू लागलं. अँड्रॉइडवर २०११पासूनच वाजत होतं. २०२४च्या डिसेंबरात फ्लॅक इंटरनेटचं अधिकृत मानक म्हणून छापलं गेलं, आरएफसी ९६३९. उद्या सगळे प्रोग्राम नाहीसे झाले तरी तो दस्तऐवज वाचून कुणीही नवा लिहू शकेल. माझी निवड फ्लॅक का, याचं उत्तर आवाजात नाही, या वाक्यात आहे.

आपल्यासाठी आणखी एक कारण आहे. सीडीवर गाण्याचं नाव लिहायची 'सीडी-टेक्स्ट' नावाची सोय आहे, पण तिच्यात देवनागरीला जागा नाही. जुन्या एमपी३च्या टॅगमध्ये नावाला अवघे ३० बाइट. फ्लॅकचे टॅग पहिल्यापासून युनिकोडमध्ये. खान्याचं नाव रोमनमध्ये लागतं, पण खाने हवे तेवढे काढता येतात. नाट्यपदाला एकच 'आर्टिस्ट' कसा पुरेल? गायक एक, पद लिहिणारा दुसरा, चाल तिसऱ्याची, नाटक, राग, ताल, साथीला कोण. मी सगळ्यांना स्वतंत्र खाने दिले आणि आत मराठीत लिहिलं.

हे सगळं मी वाचून थांबलो असतो, पण माझ्या मामाच्या दोन खोके सीडी पुण्यातल्या माझ्या फ्लॅटवर येऊन पडल्या. मामा बँकेतून निवृत्त झालेला, गाण्याचा दर्दी, प्लेअर बंद पडल्यापासून नाराज. छापील सीडींचं काम सुरळीत झालं. एक गंमत कळली: जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांच्या काही फाइली निम्म्याहून लहान झाल्या, कारण दोन्ही चॅनेल बिटला बिट एकच होते आणि फ्लॅक त्यांतला फरक 'शून्य' एवढंच लिहून मोकळं होतं. पण ॲक्युरेटरिपचं काय? इंग्रजी अल्बम टाकला की शेकडो साक्षीदार उभे राहतात. मामाच्या नाट्यसंगीताच्या बहुतेक चकत्यांना उत्तर एकच: नोंद नाही. आपण साक्षीवर विसंबायचं ठरवलं, पण साक्षीला कुणी आलंच नाही. ही व्यवस्था गर्दीवर चालते आणि आपल्या गाण्याभोवती ती गर्दी नाही. मग उरतं ते घरगुती प्रमाण: प्रत्येक ट्रॅक दोनदा, दोन वेगळ्या कंपन्यांच्या ड्राइव्हवर, ऑफसेट दुरुस्त करून, आकडे जुळले तर मान्य. आणि पहिली नोंद आपली. पुढे कुणी कोल्हापुरात किंवा न्यूजर्सीत तीच सीडी घातली तर त्याला एक साक्षीदार मिळेल.

खोक्याच्या तळाशी तीन सीडी-आर होत्या, मार्करने लिहिलेल्या. मामाच्या एका मित्राने २००३ साली एका घरगुती मैफलीची कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन बर्न केलेल्या. मूळ कॅसेट आता नाही. छापील सीडीत खड्डे साच्याने उठवलेले असतात. सीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेझर त्यावर खुणा भाजतो. तो रंग उन्हाने, उकाड्याने, दमटपणाने बदलत जातो, आणि आपल्याकडे तिन्हीचा पुरवठा आहे. त्यातून हे बर्निंग 'ट्रॅक ॲट वन्स' पद्धतीने केलेलं. प्रत्येक ट्रॅक झाला की लेझर बंद होतो, मधे दोन सेकंद रिकामे. सलग चाळीस मिनिटांचा ख्याल सात तुकड्यांत, आणि एक कापा बरोबर तानेच्या मधे. 'डिस्क ॲट वन्स' निवडलं असतं तर हे झालं नसतं. बरं, ते दोन सेकंद निव्वळ शून्यं असतात; त्यांत गाणं हरवलेलं नाही, फक्त अंतर पडलंय. शून्यं मोजून काढली आणि तान जोडली गेली. मामाने ती जागा तीनदा ऐकली आणि काही बोलला नाही.

दुसऱ्या चकतीवरचा सहावा ट्रॅक मात्र जुळेना. एका ड्राइव्हवर एक आकडा, दुसऱ्यावर दुसरा, आणि ईएसीच्या अहवालात चार जागा संशयित.

"अरे, ऐकायला बरोबर येतंय ना?" मामाने विचारलं.

"येतंय."

"मग?"

मी त्याला सांगितलं की मधले काही आकडे ड्राइव्हने मनाने भरलेत, कुठले ते नक्की कळत नाही, आणि दोन ड्राइव्हनी वेगवेगळे भरलेत.

"म्हणजे ताळेबंद जुळतोय, पण व्हाउचर नाहीत," मामा म्हणाला. चाळीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हे पाच मिनिटांत कळलं. मला ते समजावायला स्लाइड लागल्या असत्या. "मग तसा शेरा लिही. खोटं पूर्ण दाखवू नकोस."

त्याप्रमाणे दोन्ही फाइली ठेवल्यात. शेजारी एक साधी मजकुराची फाइल: चकतीवर मार्करने काय लिहिलंय, कुठला ड्राइव्ह, कुठला ऑफसेट, कुठल्या चार जागा संशयित, शून्यं कुठे काढली. न काढलेली प्रतही वेगळी आहे. मामाला गाडीत लावायला एक नवी सीडीही बर्न करून दिली, या वेळी डिस्क ॲट वन्स, सलग.

गेल्या रविवारी जुन्या बाजारातून तिसरा ड्राइव्ह आणला, दीडशे रुपयांना. ऑफसेट +६. चारपैकी तीन जागी त्याचं वाचन पहिल्या ड्राइव्हशी जुळतं. चौथी जागा, पाच मिनिटं बावीस सेकंदांवरची, अजून बाकी आहे.